शंका आली, की मैदानाबाहेर

गुडघा फुटला तर रक्त दिसतं, हात मोडला तर तो वाकडा दिसतो, घोटा मुरगळला तर पोर लंगडतं. मैदानावरच्या बहुतेक दुखापती स्वतःच स्वतःची साक्ष देतात. मेंदूला बसलेला हादरा मात्र बाहेरून काहीच दाखवत नाही. कपाळावर साधं टेंगूळही नसतं. मूल उठतं, अंगावरची माती झटकतं, ‘काही नाही सर, ठीक आहे’ म्हणतं आणि आपल्या जागेवर जाऊन उभं राहतं. डॉक्टर या दुखापतीला कन्कशन म्हणतात. ती ओळखायची कशी, ओळखल्यावर पहिल्या काही मिनिटांत, पहिल्या दोन दिवसांत आणि पुढच्या महिन्याभरात काय करायचं, मुलाला अभ्यासाकडे आणि खेळाकडे कोणत्या पायऱ्यांनी परत आणायचं, हा या पुस्तकाचा विषय. क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक, वर्गशिक्षक आणि आईवडील यांच्यासाठी ते आहेच. जी मुलंमुली स्वतः खेळतात त्यांनीही ते वाचावं.

पुस्तकाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. ज्याला मार लागला तो ‘मी बरा आहे’ म्हणाला, एवढ्यावर त्याला खेळू देता येत नाही. पाय दुखावला असेल तर तो किती दुखतो हे सांगणारा मेंदू शाबूत असतो. इथे निवाडा करणारा अवयवच जखमी झालेला असतो. म्हणून निर्णय मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या जाणत्या माणसाने घ्यायचा, आणि तो सामना रंगात आलेला असताना विचार करत बसून घ्यायचा नाही. नियम आधीच ठरलेला हवा. हा नियम जगाने सहज शिकलेला नाही. तीन शाळकरी मुलांची नावं त्याच्यामागे आहेत आणि ती वाचकाला ठाऊक असायला हवीत.

झॅकरी लाइस्टेट हा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला १३ वर्षांचा मुलगा. ऑक्टोबर २००६ मध्ये शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला अडवताना तो पडला आणि त्याचं डोकं जमिनीवर आदळलं. हेल्मेट होतं. मध्यंतराच्या सुमाराला हे घडलं. थोडा वेळ बाहेर बसून उत्तरार्धात तो पुन्हा खेळायला उतरला आणि सामना संपताच कोसळला. मेंदूभोवती रक्तस्राव झाला होता. वाढत्या सुजेला जागा मिळावी म्हणून सर्जनांना कवटीच्या दोन्ही बाजूंचं हाड काढून ठेवावं लागलं. त्यानंतरचा त्याचा पहिला शब्द ऐकायला आईवडिलांना नऊ महिने थांबावं लागलं. त्या कुटुंबाच्या आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या डॉक्टर-वकिलांच्या प्रयत्नातून मे २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्यात ‘झॅकरी लाइस्टेट कायदा’ झाला. त्याची कलमं मोजकी आणि सरळ आहेत. दरवर्षी खेळाडू आणि पालक यांनी कन्कशनची माहिती वाचून सही करायची. शंका येताच खेळाडूला त्या दिवसापुरतं खेळातून बाहेर काढायचं. आणि या विषयाचं प्रशिक्षण असलेल्या वैद्यकीय व्यक्तीने लेखी परवानगी दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांनी या धर्तीचे कायदे केले.

दुसरं नाव बेंजामिन रॉबिन्सनचं. उत्तर आयर्लंडमधला १४ वर्षांचा हा मुलगा २९ जानेवारी २०११ ला शाळेकडून रग्बी खेळत होता. एकाच सामन्यात त्याच्या डोक्याला एकाहून अधिक वेळा मार लागला, मैदानावरच त्याला तपासण्यात आलं आणि तो खेळत राहिला. शेवटच्या मिनिटांत तो कोसळला आणि वाचला नाही. त्याच्या वडिलांनी चिकाटीने केलेल्या पाठपुराव्यामुळे ब्रिटनमध्ये ‘शंका असेल तर बसवा’ हे सूत्र शाळाशाळांत पोहोचलं. २०२३ मध्ये तिथे तळागाळातल्या सर्व खेळांसाठी एकच मार्गदर्शिका निघाली. कन्कशननंतर २१ दिवसांच्या आत कोणीही स्पर्धेत उतरू नये, असं ती सांगते.

तिसरी रोवन स्ट्रिंगर. कॅनडातल्या ओटावा शहरातली १७ वर्षांची, शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार. मे २०१३ मध्ये सहा दिवसांत तिच्या डोक्याला तीनदा मार लागला. डोकं दुखत असल्याचं तिने मैत्रिणींना मोबाइलवर कळवलं होतं. इंटरनेटवर तिने कन्कशनची माहितीही शोधली होती. घरी किंवा प्रशिक्षकांना मात्र ती बोलली नाही. ८ मेच्या सामन्यात ती कोसळली आणि १२ मेला गेली. तिच्या मृत्यूच्या चौकशीतून २०१५ मध्ये ४९ शिफारशी पुढे आल्या आणि २०१८ मध्ये ऑन्टारियो प्रांताने ‘रोवनचा कायदा’ मंजूर केला. सप्टेंबरचा शेवटचा बुधवार तिथे दरवर्षी तिच्या नावाने पाळला जातो. रोवनची गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण तिला शंका आलेली होती. माहिती तिच्या हाताच्या अंतरावर होती. तिच्याऐवजी ‘थांब’ म्हणणारं माणूस तेवढं नव्हतं.

तिघांच्या कहाण्या वेगळ्या असल्या तरी त्यांना जोडणारा दुवा एकच. डोक्याला मार लागल्यावर मूल पुन्हा खेळलं. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित मेंदूला अतिवेगाने सूज येते. या प्रकाराला १९८४ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी ‘सेकंड इम्पॅक्ट सिंड्रोम’ हे नाव दिलं. तो दुर्मीळ आहे, त्याच्या यंत्रणेवर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे. पण नोंदलेले बहुतेक बळी किशोरवयातले किंवा विशीच्या आतबाहेरचे आहेत. शाळेच्या खेळात सावधगिरी मोठ्यांच्या खेळापेक्षा जास्त हवी, ती यासाठी.

आता कवटीच्या आत काय होतं ते पाहू. मेंदू द्रवात तरंगत असतो. धावत्या एसटीला करकचून ब्रेक लागला की उभे प्रवासी पुढे फेकले जातात, तसा डोकं अचानक थांबलं किंवा गर्रकन फिरलं की मेंदू आत हलतो आणि पिळवटतो. त्यासाठी मार डोक्यालाच लागावा असंही नाही. छातीवर जोराची धडक बसून मानेला झटका बसला, तरी पुरतो. या ताणाने पेशींच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर जातं, कॅल्शियम आत शिरतं, आणि हे संतुलन पुन्हा जुळवायला पेशींना एकाएकी जास्त साखर लागते. नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असतो. गरज वाढलेली, पुरवठा आटलेला, अशी ही ओढाताण कित्येक दिवस चालते. कन्कशन हा मेंदूच्या कामकाजातला बिघाड आहे. म्हणून नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये किंवा एमआरआयमध्ये तो दिसत नाही. स्कॅन काढायचा तो रक्तस्राव किंवा हाड मोडल्याची शंका असेल तर. ‘स्कॅन नॉर्मल आला, उद्यापासून सरावाला ये’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे.

आणखी एक समज मुळातून काढायला हवा. शुद्ध हरपली तरच मेंदूला मार लागला, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात खेळातल्या बहुसंख्य कन्कशनमध्ये खेळाडू बेशुद्ध होतच नाही. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. मूल पडल्यावर उठायला वेळ लावतं, उठलं तरी झोकांड्या खातं, नजर हरवल्यासारखी दिसते, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं, आपली जागा किंवा आपला डाव विसरतं, प्रश्नाला उशिरा उत्तर देतं. ते स्वतः सांगू शकेल अशा तक्रारी म्हणजे डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, डोळ्यांपुढे धूसर दिसणं, उजेड किंवा आवाज नकोसा होणं, डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटणं. काही मुलं कारण नसताना रडतात, काही चिडतात. यातलं एकही लक्षण दिसलं की खेळ तिथे संपला.

ऑस्ट्रेलियात तयार झालेले आणि आता जगभर वापरले जाणारे काही साधे प्रश्न शिक्षकाने पाठ करून ठेवावेत. आपण कोणत्या मैदानावर आहोत? हा पूर्वार्ध की उत्तरार्ध? शेवटचा गुण कुणी घेतला? याआधीचा सामना कुणाशी झाला? तो आपण जिंकलो का? ‘तुझं नाव काय’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण भेलकांडणाऱ्या मुलालाही आपलं नाव आठवतं. मात्र सगळी उत्तरं बरोबर आली म्हणून परवाना मिळत नाही. चुकलेलं उत्तर धोका दाखवतं. बरोबर उत्तर सुरक्षिततेची हमी देत नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण क्रिकेटच्या वाचकांना आठवत असेल. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. संघाच्या डॉक्टरांनी तपासलं, चाचण्यांत तो उत्तीर्ण झाला, पाऊण तासाने फलंदाजीला परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला डोकं दुखतंय, सुस्ती आलीये असं जाणवलं आणि तो सामन्यातून बाहेर झाला. त्याच महिन्यापासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कन्कशनसाठी बदली खेळाडूचा नियम लागू झाला होता, आणि मार्नस लबुशेन कसोटीतला असा पहिला बदली खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी कॅनबेराला रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागल्यावर युजवेंद्र चहल त्याच्या जागी आला, तेव्हा आपल्याकडे घरोघरी चर्चा झाली ती मुख्यतः बदली न्याय्य होती का याची. स्मिथला पाहायला तज्ज्ञ डॉक्टर हजर होते, तरी लक्षणं उमटायला रात्र जावी लागली. जिथे डॉक्टर नाही अशा शाळेच्या मैदानावर पाच मिनिटांच्या तपासणीवर विसंबणं किती धोक्याचं, हे यावरून समजावं.

कन्कशनच्या आडून कधी कधी त्याहून घातक गोष्ट वाढत असते, ती म्हणजे कवटीच्या आतला रक्तस्राव. भारताकडून खेळलेला रमण लांबा फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याच्या एका साखळी सामन्यात हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला उभा होता. फटका कपाळावर लागला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर चालत गेला आणि तीन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. म्हणून पुढची लक्षणं प्रत्येक शाळेच्या क्रीडाकक्षात भिंतीवर लावलेली असावीत. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, झटके, एकाची दोन दिसणं, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, मान दुखणं, गुंगी वाढत जाणं, विचित्र किंवा आक्रमक वागणं. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचं. मूल बेशुद्ध असेल तर मानेलाही इजा आहे असं धरून चालायचं. त्याला उचलून बसवायचं नाही, हेल्मेट ओढून काढायचं नाही. तोंडावर पाणी मारणं, कांदा हुंगवणं यात मोलाचा वेळ जातो.

असा तातडीचा धोका नसेल, तर पहिले २४ ते ४८ तास आराम. इथे गेल्या काही वर्षांत वैद्यकाचं मत बदललं आहे. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायला सांगण्याची पद्धत आता मागे पडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ परिषदेने सापेक्ष आराम सुचवला आहे. घरातल्या घरात हिंडणं-फिरणं, हलकं चालणं चालेल. मोबाइल आणि टीव्ही या दोन दिवसांत कमीत कमी. त्यानंतर लक्षणं फार वाढणार नाहीत इतपत व्यायाम बरं होण्याला मदतच करतो. अमेरिकेत बफेलो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये किशोरवयीन खेळाडूंवर केलेल्या अभ्यासात हलका एरोबिक व्यायाम करणारी मुलं साधारण १३ दिवसांत बरी झाली, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांना १७ दिवस लागले. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलेल्या मुलाला रात्री झोपू द्यावं. जागं ठेवण्याने काही साधत नाही, झोप मेंदूला हवीच असते. वेदनाशामक गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

परतीची वाट दोन रुळांवर चालते आणि अभ्यासाचा रूळ पहिला. ज्याला अर्धा तास वाचताना डोकं ठणकतं, त्याला कबड्डीच्या मैदानावर न्यायचं कशाला? आधी घरी थोडा अभ्यास, मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण दिवस. चाचणी परीक्षा पुढे ढकलणं, फळ्यावरचं उतरवून घेण्यातून सूट, मधल्या सुटीत गोंगाटापासून दूर बसायला जागा. हे काम वर्गशिक्षकाचं आहे आणि त्याला कोणतंही यंत्र लागत नाही. खेळाच्या पायऱ्या सहा. हलक्या व्यायामाच्या सुरुवातीच्या पायऱ्या अभ्यासाबरोबर चालू शकतात, पुढच्या मात्र मूल पूर्ववत शिकू लागल्यावरच पूर्ण करायच्या. रोजचे हलके व्यवहार, चालणं किंवा सायकल, एकट्याने करायचा खेळाचा सराव, धडक नसलेला सांघिक सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. लक्षणं उफाळली तर थांबून एक पायरी मागे. मुलांना पूर्ण बरं व्हायला चार आठवड्यांपर्यंत लागू शकतात, आणि त्याहून जास्त लागले तर तज्ज्ञाकडे जायचं.

थांबल्याने हंगाम वाया जातो, ही भीती मुलांना असते. अनुभव उलट आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मार लागताच बाहेर काढलेल्या शालेय खेळाडूंना बरं व्हायला सरासरी २२ दिवस लागले, खेळत राहिलेल्यांना ४४. लपवलेली पंधरा मिनिटं तीन आठवडे घेऊन जातात. तरी मुलं लपवतात. २००४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या शालेय अमेरिकन फुटबॉलपटूंच्या पाहणीत कन्कशन झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. सर्वांत मोठं कारण, हे एवढं गंभीर असेल असं वाटलंच नाही. त्याखालोखाल, सामना सोडायचा नव्हता.

आपल्याकडे सामना सोडणं आणखी महाग पडतं. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा गुण, सरकारी नोकरीतलं खेळाडूंसाठीचं पाच टक्के आरक्षण, यासाठी तालुका-जिल्हा पार करून पुढे जावं लागतं, आणि ग्रामीण भागातल्या कित्येक घरांची आशा त्या एका प्रमाणपत्रावर असते. अशा मुलाला ‘स्वतःहून सांग’ म्हणणं म्हणजे सगळा भार त्याच्याच खांद्यावर टाकणं. शिवाय आपले खेळ निरुपद्रवी नाहीत. कबड्डीत चढाईपटूला चौघं मिळून पकडतात तेव्हा डोक्यावर डोकं आपटतं, गुडघा कानशिलावर बसतो. खो-खोत सूर मारताना खांब लागतो. फुटबॉलमध्ये हेडरसाठी दोघं एकदम उसळतात. मॅट सगळ्या शाळांकडे नसते. जमीन कडक असते. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, ते घालायलाच हवं, पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच. खरा बचाव नियमांनी होतो. मुलांच्या आइस हॉकीत शरीराने धडक देण्यावर बंदी घातल्यावर कन्कशन निम्म्याहून अधिक घटली. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांना हेडर मारायला मनाई केली. आपल्या खेळांत धोकादायक पकडीची शिट्टी कडकपणे वाजवणं, हा त्याच जातीचा उपाय आहे आणि तो पंचांच्या हातात आजच आहे.

‘लागलं तरी खेळला’ याचं कौतुक करण्याची आपली जुनी सवय आहे. जिगरीचं मोल मीही मानतो. दमलेल्या पायांनी शेवटची चढाई करणाऱ्या मुलाला टाळी मिळायलाच हवी. मेंदूच्या बाबतीत मात्र ही टाळी मुलाला संकटात लोटते. बाहेर बसलेल्या खेळाडूला ‘रडीचा डाव’ म्हणणारा सवंगडी, ‘अजून पाच मिनिटं काढ’ म्हणणारा प्रशिक्षक, प्रेक्षकांतून ओरडणारा बाप, या सगळ्यांनी हे पुस्तक वाचावं अशी माझी इच्छा आहे. मेंदूची वाढ विशीच्या पुढेही चालू असते. शाळेतल्या सामन्याचा निकाल वर्षभरात विसरला जातो, मुलाला मात्र त्याच मेंदूने पुढची साठ-सत्तर वर्षं शिकायचं, कमवायचं, माणसं जपायची असतात.

कायदा होण्याची वाट पाहायचं कारण नाही. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की येत्या हंगामाच्या पहिल्या पालकसभेत एक पान वाचून दाखवा आणि त्यावर खेळाडू, पालक व प्रशिक्षक अशा तिघांच्या सह्या घ्या. शंका आली की त्या दिवशी पुन्हा खेळ नाही. मुलाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी घरी कळवायचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मैदान नाही. बाहेर बसलेल्याचं संघातलं स्थान जाणार नाही, याची हमी शाळेने द्यायची. आणि मैत्रिणीला किंवा मित्राला काहीतरी वेगळं होतंय असं दिसलं, तर ते सरांना सांगणं ही चुगली नाही, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगायचं. या पाच ओळींना पैसा लागत नाही, डॉक्टरची नेमणूक लागत नाही. हे पुस्तक मिटण्याआधी त्या लिहून काढा, आणि पहिला सामना सुरू होण्याआधी लागू करा.